पंपहाऊसमधलं सत्त्याण्णव साल

बाहेर दोन हजार पंचवीस चालू आहे. आमच्या पंपहाऊसमध्ये मात्र अजून सत्त्याण्णव आहे. सकाळी सातला मी स्कूटी लावते, मोनूला कडेवर घेऊन कुलूप उघडते, आणि काळ्या काचेवरची हिरवी अक्षरं मला सांगतात: सोमवार, चार ऑगस्ट, सत्त्याण्णव. वार बरोबर, तारीख बरोबर, महिना बरोबर. वर्ष तेवढं तिचं स्वतःचं.

कारध्याच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर आमची ही जुनी पाणीयोजना आहे. सात वस्त्या, सात व्हॉल्व्ह. कुठल्या वस्तीला किती वाजता आणि किती वेळ पाणी सोडायचं, ते योजनेच्या पहिल्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, बसवलेला एक कॉम्प्युटर ठरवतो. त्याला माऊस नाही. इंटरनेट म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. पोटात एक फ्लॉपी घातलेली असते. ती कधीमधी खरखरते, म्हाताऱ्या माणसानं झोपेत घसा साफ करावा तशी. मध्यंतरी एक अशी तारीख आली, की तिच्यापुढचं या प्रोग्रामला मोजताच येईना. तेव्हाच्या इंजिनिअरनं युक्ती केली: प्रोग्राम नव्यानं भरून पाणी सोडल्याचा जुना हिशेब पुसला आणि घड्याळ बरोबर अठ्ठावीस वर्षं मागं नेलं. अठ्ठावीस वर्षांनी कॅलेंडर पुन्हा तसंच्या तसं येतं, वारासकट. कॉम्प्युटर फसला आणि निमूट कामाला लागला.

त्या इंजिनिअरच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. हा कॉम्प्युटर रोज त्या दिवसाच्या तारखेचं एक पान उघडतो आणि ऑपरेटरनं टाईप केलेल्या नोंदी त्यात ठेवतो. त्या तारखेचं पान आधीच असेल, तर नवीन उघडत नाही, जुन्याच्याच खाली लिहायला लागतो. त्यामुळं रोज सकाळी माझ्यासमोर सत्त्याण्णवचं ते पान येतं, भरलेलं. त्याच्या खाली रिकाम्या जागेत मी माझी नोंद करते.

आणि ते भरलेलं पान बहुतेक वेळा माझ्या बाबांचं असतं.

बाबा, हिरालाल, याच पंपहाऊसमध्ये ऑपरेटर होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मी इथं कंत्राटावर लागले, आणि पहिल्याच दिवशी काचेवर त्यांची भेट झाली. इंग्रजी अक्षरांत टाईप केलेली मराठी, एका बोटानं केलेली, चुकत माकत. ‘नदी गढूळ. तुरटी जास्त टाकली.’ ‘पंप दोन तापला. ओलं पोतं ठेवलं.’ ‘पुलाखाली मगर दिसली म्हणतात. मला नाही दिसली.’ मी ते वाचायची आणि खाली लिहायची: ‘नदी गढूळ. तुरटी टाकली.’ जणू ते रात्रपाळी करून आत्ताच सायकलवरून गेले आणि दिवसपाळीला मी आले.

मोनू दहा महिन्यांची आहे. माझे यजमान सुगत वरठीच्या कारखान्यात जातात, त्यांची पाळी रोज बदलते. म्हणून मोनू माझ्याबरोबर. दोन पाईपांच्या मधे जुन्या लुगड्याचा पाळणा बांधलाय. पंप सुरू झाला की जमीन बारीक थरथरते, ती थरथर पाळण्यात चढते, आणि मोनूचे डोळे मिटतात. घरी तिला झोपवायला तास लागतो. इथं एक नंबरचा पंप पुरतो.

तर, ऑगस्ट लागला आणि मी दिवस मोजायला लागले. माझा जन्म वीस ऑगस्ट सत्त्याण्णवचा. कॉम्प्युटर एकेक दिवस करत माझ्या जन्माकडं चालला होता.

यात नुसतं कौतुक नव्हतं. लहानपणापासून मी एक गोष्ट ऐकत आले होते. आई सांगायची, तांदूळ निवडता निवडता, हवापाण्याचं बोलावं तसं: “तिसरी पोरगी झाली म्हणून सांगावा गेला, अन् तुया बाप दोन दिवस घरी आला नाही. पंपहाऊसमध्येच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी आला.” बाबांना विचारलं की ते “कामात होतो” एवढंच म्हणायचे आणि चपलेचा अंगठा जुळवत बसायचे. त्यांनी मला कधी कमी केलं नाही. सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे, डिप्लोमाला घातलं ते त्यांनीच. पण ते दोन दिवस तसेच राहिले, वरणात राहिलेल्या खड्यासारखे. मोनू झाली तेव्हा सुगतनी तिचं बोट धरलं, आणि त्यांचं ते हसणं बघताना मला वाटलं, माझं बोट दोन दिवस कोणीच धरलं नव्हतं. त्या दिवसापासून मला ते पान बघायचंच होतं. बाबा रुसून बसले होते का, एवढंच.

आणि नेमकं पत्र आलं. जुना कॉम्प्युटर काढून नवीन बसवणार. इंजिनिअर येणार सोमवारी, अठरा ऑगस्टला. माझ्या पानाच्या दोन दिवस आधी.

मागची किंवा पुढची पानं बघायची सोय या प्रोग्राममध्ये नाही. तो फक्त आजचं पान दाखवतो. वीस तारखेचं पान बघायचं तर घड्याळ दोन दिवस पुढं करायचं, एवढा एकच रस्ता. आणि घड्याळाला हात लावायचा नाही, हे तर इथं रुजू होताना पहिलं सांगतात. पाण्याच्या पाळ्या त्या घड्याळावर चालतात. ते हललं तर सात वस्त्यांचे नळ कोरडे पडू शकतात, किंवा एकाच वस्तीत पूर यायचा.

शनिवारी, सोळा तारखेला, दुपारी मी ठरवलं. बारा ते दोन कुठल्याच व्हॉल्व्हची पाळी नसते. तेवढ्यात घड्याळ पुढं न्यायचं, वाचायचं, परत आणायचं. मोनू झोपलेली. खिडकीतून नदीचा उजेड येऊन छतावर हलत होता, सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी. पंपाच्या आडोशाला पोत्यावर गोमाजी काकाजी झोपलेले. ते बाबांच्या जोडीचे ऑपरेटर, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी दुपारच्या झोपेला रोज इथंच येतात. घरी पंखा आहे पण झोप नाही, म्हणतात.

मी हुकूम टाईप केला. काचेनं विचारलं, नवीन तारीख? मी दोन लिहिला, शून्य लिहिलं.

“भावना, हात काढ.”

काकाजी उठून बसले होते.

“पाच मिनिटं काकाजी. लगेच परत आणते.”

“एक मिनिट नाही. काढ म्हणतो ना मी.” आवाज असा, की मी खरंच हात काढला. “काहून हलवून राहिली तू तारीख?”

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, तांदळाच्या सुपासकट. काकाजी ऐकत राहिले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“वीस तारखेचं पान नाही त्यात,” ते म्हणाले.

“नाही म्हणजे?”

“उघडलंच नाही. त्या साली या मशीनीत वीस तारीख उगवलीच नाही. एकोणीसनंतर डायरेक बावीस.”

मला वाटलं म्हातारा झोपेत आहे.

“तुले काय सांगू पोरी,” ते म्हणाले, आणि मग पंपाकडं बघत सांगत सुटले, माझ्याकडं बघून त्यांना सांगता आलं नसतं. “राखीले गेलो होतो आसगावले, बहिणीकडं. सोमवारी राखी. मंगळवारी ड्युटी होती मायी. बहीण म्हणे, आज मासोळ्या करतो, राहून जा. राहिलो. माया जागेवर तुया बापानं डबल ड्युटी केली. बुधवारी सकाळी आलो, तं मनात आलं, मंगळवारची हजेरी तं गेली. आधीच दोन मेमो भेटले होते मले. तिसऱ्याले घरी बसवत. मंग मी मोठा हुशार. तारीख एक दिवस मागं घेतली, एकोणीस केली, अन् हजेरी टाकली.”

“आणि?”

“अन् काय. मशीन म्हणे, एकोणीसचं पाणी तं मी सोडून बसली, आता कायले सोडू? सातही व्हॉल्व्ह बंद. तारीख पुढं नेतो तं जात नाही. पान एकोणीसवरच अडकलं. तुया बाप आला, बघितलं, मले एक शब्द बोलला नाही. फ्लॉप्या घालून प्रोग्राम नव्यानं भरा लागत होता, अन् इथल्या फ्लॉप्यांले बुरशी. दुसरा सेट नागपूरले, एका साहेबाच्या घरी. मले म्हणे, तू जा, मी इथं हातानं पाणी सोडतो. साहेब गावाले गेलेला. दोन दिवस त्याच्या ओसरीत बसलो मी. शुक्रवारी पहाटे डब्यात फ्लॉप्या घालून आलो. तोवर तुया बाप एकटा, चावी घेऊन, या व्हॉल्व्हवरून त्या व्हॉल्व्हवर. कोणाले सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तं मायी नोकरी गेली असती.”

मोनू झोपेत कण्हली. मी पाळण्याला झोका दिला, हात आपोआप गेला.

“आईला तरी सांगायचं होतं त्यांनी.”

“मी शब्द घेतला होता त्याच्याकडून. तुयी आई अन् मायी बायको एकाच नळावर पाणी भरत.” त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. “मंग रिटायर झालो. मंग हिरालाल गेला. सांगायची वेळच निघून गेली, असं वाटे.”

मी काचेवरचा दोन आणि शून्य पुसला.

“म्हणजे माझा दिवस एकोणीसच्या पानात आहे.”

“हो. मंगळवारच्या खाली बुधवार अन् बेस्तरवार. पण मंगळवारपावतर ही मशीन राहते कुठं?” ते उठले, पोतं झटकलं, आणि निघून गेले.

सोमवारी इंजिनिअर आला. सूरज नाव, नागपूरचा, पाठीवर बॅग, बोलायला गोड. नवीन कॉम्प्युटर चपातीच्या डब्याएवढा. त्यानं जुन्याकडं बघितलं आणि “अबे बाप रे” म्हणाला, देवळात बोलतात तशा हळू आवाजात. मी त्याला म्हटलं, एक दिवस थांबता येईल का. तो म्हणाला, ताई, माझं वेळापत्रक वरून येतं. जुनं काढण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह हातानं बंद करावा लागतो. त्यानं चावी मागितली. चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी दांडी, खाली चौकोनी खोबण. ती नेहमी दारामागं उभी असते.

दारामागं ती नव्हती.

मी काकाजींना फोन लावला.

“आसगावले आलो ना मी,” काकाजी म्हणाले. मागं कोंबड्या ओरडत होत्या. “बहिणीकडं. चावी? हो, हो, चावी मायासंगच आहे. रोवणं झालेल्या बांधीचं पाणी बघाले आणली होती.”

भाताच्या बांधीतल्या पाण्याला ही चावी कुठं लावणार होते, ते मी विचारलं नाही. फोन सूरजकडं दिला.

“काका, चावी पाठवा ना कोणाच्या हाती.”

“अरे बाबू, बहीण जेवल्याबिगर सोडून नाही राहिली. आज मासोळ्या आहेत. उद्या सकाळी येतो, पक्का.” आणि फोन बंद. नंतर लागलाच नाही.

सूरजनं डोक्याला हात लावला. भंडाऱ्यातून दुसरी चावी आणायचं म्हणाला, पण आमच्या व्हॉल्व्हचा चौकोन जुन्या मापाचा, दुसरी चावी त्यावर नुसती फिरते. शेवटी तो पायरीवर बसला, माझ्या डब्यातलं अर्धं खाल्लं आणि मोनूला बॅगेची चेन उघडझाक करून दाखवत राहिला. त्या दिवशी संध्याकाळचं पाणी जुन्या कॉम्प्युटरनंच सोडलं. काकाजी एक दिवस उशिरा येणार होते, आणि या वेळेस कोणाची खोटी हजेरी लागणार नव्हती.

घरी जाताना मी आईकडं थांबले. म्हटलं, उद्या सकाळी पंपहाऊसला चल. कायले, म्हणाली. बाबांनी काही लिहून ठेवलंय. आईनं विळी आडवी केली आणि माझ्याकडं पाट सरकवला.

मंगळवारी सकाळी पावसाची झड नव्हती, ऊन नव्हतं. नदी आणि आभाळ एकाच रंगाचे, मधला पूल हवेत टांगल्यासारखा. आई मोनूला मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. सूरज कोपऱ्यात पेचकस घेऊन उभा. काकाजी चावी घेऊन आले होते, पण दारातच थांबले. आदल्या संध्याकाळीच मी आईला त्यांचं सगळं सांगून टाकलं होतं.

“गोमाजी, आत या,” आई म्हणाली. “बाहेर काहून उभे?”

ते आत आले. चावी भिंतीला लावून ठेवली.

“अठ्ठावीस वर्षं माया हातचा चहा पिला तुमी.”

“हो वयनी.”

“तरी तोंडातून शब्द नाही निघाला.”

“नाही निघाला.”

“साखर जास्त होत होती मंग. तोंड चिकटलं असन.” आई मोनूचं झबलं सारखं करत म्हणाली. सूरज हसला आणि लगेच खोकला. काकाजी हसले नाहीत, पण पोत्यावर बसले, त्यांच्या नेहमीच्या जागी.

मी पान उघडलं. वर मंगळवार, बाबांची डबल ड्युटी, सगळं नेहमीचं. मग एक ओळ: ‘गोमाजी हजर.’ आणि त्याखाली बुधवार सुरू, पण तारीख एकोणीसच.

व्हॉल्व्ह हातानं उघडला की हा कॉम्प्युटर कारण विचारतो. कारण लिहिल्याशिवाय त्याची टिंगटिंग थांबत नाही. ‘बिघाड’ लिहावं तर महिन्याअखेर वरच्या ऑफिसात तेवढा एकच शब्द शोधायचे आणि चौकशी लावायचे. म्हणून बाबांनी पहिल्यांदा लिहिलं होतं ‘गाळ’. मग ‘दाब कमी’. मग पुन्हा ‘गाळ’. आईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, मी वाचून दाखवत होते. व्हॉल्व्ह तीन, गाळ. व्हॉल्व्ह चार, दाब कमी.

मग संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटं. व्हॉल्व्ह पाच, हातानं. कारण: मुलगी.

मी पुढची ओळ वाचली.

पाच पस्तीस. व्हॉल्व्ह सहा, हातानं. कारण: करुणा.

“कोण करुणा?” आई म्हणाली.

मलाही आधी कळलं नाही. सहा दहा. व्हॉल्व्ह सात, हातानं. कारण: मैत्री. सहा चाळीस. व्हॉल्व्ह एक, हातानं. कारण: विशाखा. मग कळलं. मशीन कारण मागत होती, खरं कारण लिहिता येत नव्हतं, आणि या खोलीत एकटा बसलेला माणूस दर अर्ध्या तासाला एक नाव लावून बघत होता.

“नावं आहेत आई.”

“थांब, मोनूले धर.” तिनं मोनूला काकाजींकडं दिलं आणि स्टूल पुढं ओढून काचेपाशी आली. जणू जवळ गेल्यावर वाचता येईल. “हं. वाच.”

“सुजाता.”

“त्याच्या मामेबहिणीचं नाव होय ते. बरं झालं नाही ठेवलं. अखीन?”

“क्षमा.”

“क्षमा कायले? कोणाचा काय गुन्हा केला होता माया पोरीनं?” आई काचेला म्हणाली. आणि मग हळू: “विशाखा चांगलं होतं.”

यशोधरा त्या लहानशा चौकटीत मावली नव्हती, शेवटची अक्षरं कापली गेली होती. बाबांनी ते पुन्हा एकदा लिहून पाहिलं होतं, पुन्हा कापलं गेलं. मग उत्पला. मग दोन वेळा नुसतं ‘पोरगी’, दमल्यासारखं. आई प्रत्येक नावावर काही ना काही बोलत होती, कोणाला नाकारत, कोणाला मान हलवत, जणू बारशाला वेळ आहे आणि बाबा समोरच्या बाजेवर बसलेत.

काचेवर बुधवार संपला.

सूरजनं घड्याळ बघितलं. “काकू, फोटो काढून देतो ना मी सगळ्याचे. मोबाईलमध्ये राहतील.”

“काढ ना. पण थांब थोडा बाबू. बेस्तरवार यायचा आहे अजून.”

त्यानं पेचकस खिशात ठेवला.

मी खालचा बाण दाबला. गुरुवार, सकाळी सहा. व्हॉल्व्ह एक, हातानं. कारण: भावना. मी पुढची ओळ बघितली, मग त्याच्या पुढची. पुढं दुसरं नाव नव्हतं. व्हॉल्व्ह दोन, तीन, चार, सगळा गुरुवार, शुक्रवारच्या पहाटेपर्यंत, एकाखाली एक, हिरव्या अक्षरांत, एका बोटानं टाईप केलेलं तेच एक नाव.

“आता सगळीकडं एकच आहे आई. भावना.”

“हो का.” तिनं पदरानं काच पुसली. काच स्वच्छच होती. “किती आहेत?”

“असतील वीसेक.”

आई स्टुलावर नीट मांडी घालून बसली.

“मंग सगळे वाच,” ती म्हणाली.